खाणकामगारांपासून आजी-आजोबांपर्यंत : न्यूमोकॉकसच्या लसीचा अपुरा प्रवास

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यूमोकॉकल कॉन्जुगेट लसीचा भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात देशव्यापी विस्तार झाला. मे २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशात, तसेच बिहार आणि उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही लस आता देशातील अर्भकांना मोफत दिली जाते : दीड महिन्याचे असताना, साडेतीन महिन्यांचे असताना आणि नवव्या महिन्यात. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंचे न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण असल्यामुळे या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या घटनेमुळे एक समज मात्र घट्ट झाला, की न्यूमोकॉकसची लस ही लहान मुलांची लस आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. या लसीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या धडधाकट खाणकामगारांवर आणि सैनिकांवर झाल्या. त्यानंतर ती वृद्धांना देऊन पाहिली गेली. अर्भकांपर्यंत ती पोहोचली सर्वांत शेवटी, एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. भारतात आज क्रम उलटा आहे. घरातल्या दीड महिन्याच्या नातवाला लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. त्याच घरातल्या सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या आजोबांना ती हवी असेल, तर खाजगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि बहुतेकांना अशी लस असते हेच ठाऊक नसते.

हा क्रम असा का उलटला, याचे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, तसेच कोणाचा मृत्यू टाळण्याजोगा मानायचा या प्रश्नातही आहे.

दोन ससे, दोन खंड

१८८१ साली दोन संशोधकांनी एकमेकांचा पत्ता नसताना एकच जिवाणू वेगळा केला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी रेबीजने दगावलेल्या एका मुलाची लाळ सशाला टोचली. अमेरिकेत लष्करी वैद्य जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतःचीच लाळ वापरली. दोन्हीकडचे ससे मेले आणि त्यांच्या रक्तात जोडीजोडीने राहणारे, भोवती कवच असलेले गोलसर जिवाणू दिसले. स्टर्नबर्ग स्वतः ठणठणीत होते. निरोगी माणसाच्या नाकाघशात हा जंतू मुकाट्याने राहू शकतो, हा या जिवाणूच्या इतिहासातला पहिला धडा होता. न्यूमोनियाशी त्याचे नाते सिद्ध व्हायला पुढची काही वर्षे गेली. बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसावेत म्हणून डॅनिश वैद्य हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्ये एक रंजनपद्धत बसवली. आज प्रत्येक प्रयोगशाळेत शिकवले जाणारे 'ग्राम रंजन' ते हेच.

त्या काळात न्यूमोनिया हा शहरी मृत्यूंचा एक मोठा कर्ता होता. तरुण कामगार आठवड्याभराच्या तापात जात. वृद्धांमध्ये तर तो इतका नित्याचा होता, की वैद्यकात त्याला 'वृद्धांचा मित्र' म्हणण्याचा प्रघात पडला. दीर्घ, जर्जर आजारपणातून तो माणसाला फारशा यातना न देता सोडवतो, असा त्यामागचा भाव. आधुनिक वैद्यकशिक्षणाचे एक प्रवर्तक विल्यम ऑस्लर यांच्या नावाशी हा वाक्प्रचार जोडला जातो. डिसेंबर १९१९ मध्ये ऑक्सफर्ड येथे ऑस्लर स्वतः फुप्फुसाच्या संसर्गानेच निवर्तले. हे विशेषण सहानुभूतीतून आले असेल, पण त्याने एक गृहीतकही रुजवले. वृद्धाचा न्यूमोनिया हा आजार असण्यापेक्षा आयुष्याचा स्वाभाविक शेवट अधिक मानला जाऊ लागला.

सोन्याच्या खाणींतली पहिली चाचणी

लसीची पहिली मोठी चाचणी वृद्धांच्या वाट्याला आली नाही, कारण तिच्यामागे करुणा नव्हती, हिशेब होता. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींना मोझांबिक आणि न्यासालँड, म्हणजे आजचा मलावी, अशा उष्ण प्रदेशांतून मजूर आणले जात. दाटीवाटीच्या बराकी, उंच पठारावरची थंडी आणि खोल खाणीतले काम यांत हे नवे मजूर न्यूमोनियाने मोठ्या संख्येने मरत. २२ अक्षांशाच्या उत्तरेकडून येणाऱ्या मजुरांमधले मृत्यू इतके वाढले, की तिथून भरती बंद होण्याची चिन्हे दिसू लागली. खाणमालकांनी टायफॉइडच्या लसीसाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटिश संशोधक आल्मरॉथ राइट यांना पाचारण केले. १९११ पासून राइट यांनी मारलेल्या संपूर्ण जंतूंची लस सुमारे ५०,००० मजुरांना टोचली.

परिणाम संदिग्ध राहिले. राइट यांनी लाभाचा दावा केला, पण तुलनेसाठीचे गट नीट जुळलेले नव्हते. शिवाय न्यूमोकॉकस हा एकच जंतू आहे असे धरून लस बनवली होती. बर्लिनमध्ये फ्रेड नॉयफेल्ड आणि त्यांचे सहकारी १९१० मध्येच दाखवून चुकले होते, की या जंतूचे वेगवेगळे प्रकार असतात आणि एका प्रकाराविरुद्धचे रक्तद्रव दुसऱ्या प्रकाराला लागू पडत नाही. जोहान्सबर्गमध्ये स्पेन्सर लिस्टर यांनी खाणींतल्या रुग्णांमधले प्रकार ओळखून त्यांवर बेतलेली लस पुढच्या वर्षांत तयार केली. कोणत्या लोकसमूहात कोणते प्रकार आहेत हे आधी शोधा, मग लस बनवा, हे सूत्र तिथे ठरले. ते आजही तसेच आहे. फरक इतकाच, की आज ज्ञात प्रकारांची संख्या १०० च्या घरात गेली आहे.

याच खाणींत आणखी एक उत्तर पुढे आले होते. पनामा कालव्याच्या बांधकामावेळी पीतज्वर आटोक्यात आणणारे विल्यम गॉर्गस यांना खाणमालकांनी १९१३ मध्ये सल्ल्यासाठी बोलावले. त्यांनी मजुरांना राहायला अधिक जागा द्या, गर्दी कमी करा, असे सुचवले. लस आणि राहणीमान यांतून निवड करायची नसते, दोन्ही लागतात, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती. उष्ण प्रदेशांतून होणारी भरती अखेर १९१३ मध्ये थांबवण्यात आली.

पुढे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. भारतात ती जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि तिने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले, असे अंदाज आहेत. जगभर या साथीतल्या मृत्यूंचा मोठा भाग फ्लूच्या पाठोपाठ येणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियाचा होता आणि त्यात न्यूमोकॉकस अग्रभागी होता. विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर सोलून काढावे आणि घशात दबा धरून बसलेल्या जिवाणूने खाली फुप्फुसात उतरावे, अशी ही जोडगोळी असते. वृद्धांना फ्लूची आणि न्यूमोकॉकसची अशा दोन्ही लसी सुचवण्यामागे हेच कारण आहे.

कवचाचे कोडे

न्यूमोकॉकसचे सारे सामर्थ्य त्याच्या कवचात आहे. कवच असलेल्या जंतूला आपल्या भक्षकपेशी सहज गिळू शकत नाहीत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अल्फन्स डोशे आणि ऑस्वाल्ड एव्हरी यांना १९१७ मध्ये रुग्णांच्या रक्तात आणि लघवीत या कवचाचा विरघळलेला अंश सापडला. १९२३ मध्ये एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी दाखवले, की हे द्रव्य प्रथिन नसून बहुशर्करा आहे. प्रतिकारशक्ती केवळ प्रथिनांनाच ओळखते, असे मानले जाण्याचा तो काळ होता. साखरेच्या साखळीलाही शरीर ओळखते ही कल्पना अनेकांच्या पचनी पडली नाही. १९३० मध्ये थॉमस फ्रान्सिस आणि विल्यम टिलेट यांनी माणसांच्या त्वचेत शुद्ध बहुशर्करेचा अत्यल्प अंश टोचला आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली पाहिली. संपूर्ण जंतू टोचण्याची गरज उरली नाही. कवचाचा तुकडा पुरेसा होता.

याच कवचाच्या अभ्यासातून जीवशास्त्रातला एक मोठा शोध निघाला. कवच नसलेला जंतू कवचवाला कसा होतो, हे शोधताना एव्हरी, कॉलिन मॅक्लाऊड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले, की आनुवंशिक माहिती वाहून नेणारे द्रव्य डीएनए आहे. पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग एकटाच दिसतो. प्रत्यक्षात तो न्यूमोनियावर उपाय शोधणाऱ्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत झाला आणि त्यातले मॅक्लाऊड त्याच सुमारास लसीच्या चाचणीतही गुंतले होते.

ती चाचणी अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स येथे, हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावर झाली. तिथे न्यूमोनियाचे प्रमाण मोठे होते. मॅक्लाऊड, हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी सुमारे १७,००० जवानांपैकी निम्म्यांना चार प्रकारांच्या शुद्ध बहुशर्करांची लस दिली. १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया लस घेतलेल्यांत दोन आठवड्यांनंतर जवळजवळ नाहीसा झाला. लसीत नसलेल्या प्रकारांवर परिणाम झाला नाही. आणखी एक गोष्ट नोंदली गेली. लस न घेतलेल्या जवानांमध्येही ते प्रकार कमी झाले, कारण जंतू घशात वागवणारेच कमी झाले होते. एकाच्या लसीने शेजाऱ्याचेही रक्षण होते, याचा हा न्यूमोकॉकसच्या बाबतीतला पहिला ठोस पुरावा.

वृद्धांची पाळीही याच दशकात आली. न्यूयॉर्कमध्ये पॉल कॉफमन यांनी वृद्धांना बहुशर्करा लस देऊन सहा वर्षे अभ्यास केला आणि १९४७ मध्ये त्यांच्यातला न्यूमोनिया कमी झाल्याचे नोंदवले. स्क्विब या अमेरिकी कंपनीने सहा प्रकारांची लस बाजारात आणली. वृद्धांसाठीच्या लसीकरणाला लागणारे सारे काही तेव्हा हाताशी होते.

पेनिसिलिनचा दिमाख

पण तोवर औषधांचे युग सुरू झाले होते. डिसेंबर १९४३ मध्ये ६९ वर्षांचे विन्स्टन चर्चिल ट्युनिशियात न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले आणि सल्फा औषधाने बरे झाले. पाठोपाठ पेनिसिलिन सर्वत्र उपलब्ध झाले. मरणासन्न रुग्ण दोन-चार दिवसांत उठून बसू लागले. जो रोग इंजेक्शनने बरा होतो, त्यासाठी निरोगी माणसाला आधीच सुई का टोचायची, असा प्रश्न डॉक्टरांनाच पडला. मागणी नसल्याने स्क्विबने १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपली लस मागे घेतली. ती निकामी ठरली नव्हती, कोणाला नको होती.

स्वतंत्र भारताचाही पेनिसिलिनवर असाच भरवसा होता. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. आयात औषधावर अवलंबून असलेल्या देशासाठी ते मोठे पाऊल होते. मात्र लस नावाचा पर्याय कधी काळी होता, याची आठवण जगात कुठेच फारशी उरली नाही.

ती आठवण परत आणली रॉबर्ट ऑस्ट्रियन या अमेरिकी वैद्याने. १९५२ मध्ये ते ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात आले, तेव्हा न्यूमोकॉकस आता संपल्यात जमा आहे असे सहकारी म्हणत. ऑस्ट्रियन यांनी स्वतः थुंकीचे आणि रक्ताचे नमुने तपासायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत त्या एका रुग्णालयात सुमारे २,००० रुग्ण नोंदवले. रोग होता तिथेच होता. त्याचा शोध घेणे थांबले होते. १९६४ मध्ये त्यांनी जेरोम गोल्ड यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधातला मुद्दा निर्णायक ठरला. जंतू रक्तात शिरलेल्या रुग्णांचे मृत्यू पेनिसिलिनने पुष्कळ कमी झाले होते, पण आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे दगावणार होते, त्यांच्यावर औषधाचा काहीच परिणाम होत नव्हता. वृद्ध आणि आधीच इतर आजार असलेले रुग्ण यांत अधिक होते. औषध जंतूला मारते. पण जंतूने तोवर केलेली हानी भरून काढत नाही. अशा माणसांसाठी एकच उपाय उरतो, आजार होऊच न देणे.

त्यातच १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातून पेनिसिलिनला पुरेशी दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसची वार्ता आली. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे वाण सापडले. ऑस्ट्रियन यांच्या नव्या लसीची चाचणीही पुन्हा त्याच देशातल्या सोन्याच्या खाणींत, नव्याने भरती झालेल्या मजुरांवर झाली. लसीतल्या प्रकारांचा आजार सुमारे ८० टक्क्यांनी घटला. १९७७ मध्ये अमेरिकेत १४ प्रकारांची लस मान्य झाली आणि १९८३ मध्ये तिची जागा २३ प्रकारांच्या लसीने घेतली. या लसीच्या इतिहासात दोनदा आलेल्या या खाणमजुरांची नावे कोणत्याही गौरवयादीत नाहीत. वर्णद्वेषी राजवटीतल्या त्या मजुरांना सहभाग नाकारण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्नही त्या यशासोबतच वाचावा लागतो.

म्हाताऱ्या शरीरातली लस

खाणीतल्या पंचविशीच्या मजुराला जी लस वाचवते, ती सत्तरीच्या माणसाला तितकीच वाचवेल का? १९८० च्या दशकात वादाचा मुद्दा हाच झाला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२९५ वृद्ध किंवा दीर्घकाळ आजारी व्यक्तींवर झालेल्या चाचणीत १९८६ साली लसीचा लाभ दिसला नाही. उलट १९९१ मधल्या एका अभ्यासात, जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरण्याच्या गंभीर आजारापासून निम्म्याहून अधिक संरक्षण मिळाल्याचे आढळले. २०१० मध्ये जपानमधल्या वृद्धाश्रमांतल्या सुमारे १,००० रहिवाशांच्या चाचणीत न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया स्पष्टपणे कमी झाला.

या विसंगतीचे मूळ प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेत आहे. नुसती बहुशर्करा टोचली, की बी-पेशी प्रतिपिंडे बनवतात, पण टी-पेशींची मदत मिळत नाही आणि टिकाऊ स्मृती तयार होत नाही. दोन वर्षांखालील मुलांमध्ये तर असा प्रतिसाद जवळजवळ येतच नाही. वृद्धापकाळी तो येतो, पण क्षीण होतो आणि काही वर्षांत ओसरतो. उपाय जुनाच होता. एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी १९३० च्या सुमारास बहुशर्करेला प्रथिनाची जोड दिली, तर प्रतिसाद वाढतो हे सशांत दाखवले होते. त्या कल्पनेवर आधारलेली सात प्रकारांची कॉन्जुगेट लस २००० मध्ये अमेरिकेत अर्भकांसाठी मान्य झाली. तिने मुलांचा आजार तर कमी केलाच, पण लस न घेतलेल्या वृद्धांमधलाही गंभीर आजार घटला. नातवंडांच्या नाकाघशातून जंतू गेला, म्हणून आजी-आजोबा वाचले. सू फॉल्सच्या बराकीत दिसलेली गोष्ट आता अख्ख्या देशात दिसत होती. तिला एक मर्यादाही होती : लसीत नसलेले काही प्रकार, विशेषतः १९ए, रिकाम्या झालेल्या जागेत पसरू लागले.

मग प्रौढांसाठी कॉन्जुगेट लस वापरून पाहिली गेली. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील ८४,४९६ व्यक्तींवर १३ प्रकारांच्या लसीची चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी आणि त्या प्रकारांचा गंभीर, रक्तात शिरणारा आजार ७५ टक्क्यांनी घटला. हे आकडे चमत्कारिक नाहीत; पण वृद्धांच्या बाबतीत लस कुचकामी आहे, हे म्हणणे त्यांच्यापुढे टिकत नाही.

जोखमीच्या गटांत फरक आणखी ठळक आहे. युगांडात एचआयव्हीबाधित प्रौढांना २३ प्रकारांची बहुशर्करा लस देऊन लाभ झाला नाही, असे २००० मध्ये आढळले होते. २०१० मध्ये मलावीत तशाच रुग्णांना सात प्रकारांची कॉन्जुगेट लस दिल्यावर पुन्हा उद्भवणारा गंभीर आजार ७४ टक्क्यांनी कमी झाला. ज्या देशातून शंभर वर्षांपूर्वी मजूर खाणींत मरायला जात, तिथेच हे उत्तर मिळाले.

भारतातला तिढा

भारतात न्यूमोकॉकसचा पद्धतशीर शोध १९९० च्या दशकात सुरू झाला. १९९३ ते १९९७ या काळात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने अनेक शहरांतल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन गंभीर आजाराचे नमुने गोळा केले. निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. कोणते प्रकार प्रबळ आहेत हे कळले, आणि पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू तेव्हा विरळ असल्याचेही दिसले. याच धर्तीच्या माहितीवर पुढे भारतीय लस बेतली गेली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने 'पाथ' या संस्थेसह विकसित केलेल्या दहा प्रकारांच्या 'न्यूमोसिल' लसीला डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पात्रता मिळाली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात दाखल झाली. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीची १४ प्रकारांची लसही नंतर आली. या लसींना प्रथम मान्यता मिळाली ती अर्भकांसाठी.

प्रौढांचे चित्र वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीयांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. चुलीच्या धुराने आणि तंबाखूने जर्जर झालेली फुप्फुसे, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, कर्करोगाचे उपचार ही सर्व जोखमीची कारणे आहेत. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात, गडचिरोली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, सिकलसेलचे रुग्ण आहेत. कवचवाल्या जंतूंना रक्तातून गाळून काढणारा अवयव म्हणजे प्लीहा, आणि सिकलसेलमध्ये तीच लहानपणापासून निकामी होत जाते. अशा रुग्णाच्या बाबतीत न्यूमोकॉकसची लस ही चैन नाही, उपचाराचाच भाग आहे. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे असे लाखो लोक पहिल्यांदा नोंदीत येत आहेत, तेव्हा ही बाब अधिक महत्त्वाची ठरते.

तरीही वैद्यकीय मत एकमुखी नाही. भारतातल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सर्व निरोगी प्रौढांना सरसकट लस देऊ नये, मात्र अधिक जोखीम असलेल्यांसाठी तिचा विचार करावा, अशी भूमिका होती. या सावधपणामागे सबळ कारणे आहेत. भारतीय प्रौढांमध्ये कोणते प्रकार किती आजार घडवतात, याची माहिती तोकडी आहे. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो आधीच प्रतिजैविके घेऊन, त्यामुळे रक्ताच्या नमुन्यात जंतू उगवत नाही आणि नोंद होत नाही. दुसरे असे, की आता देशभरची अर्भके लस घेत आहेत. अमेरिकेप्रमाणे इथेही घरातल्या वृद्धांना आपोआप संरक्षण मिळाले, तर प्रौढांच्या लसीचा वाढीव लाभ कमी होईल. मर्यादित पैसा आधी कुठे घालावा, हा प्रश्न रास्तच आहे.

पण या युक्तिवादाला दोन उत्तरे आहेत. अप्रत्यक्ष संरक्षण फक्त लसीतल्या प्रकारांपुरते असते; अर्भकांच्या लसीबाहेरचे प्रकार वृद्धांना आजारी पाडतच राहतात. परदेशांत १५, २० आणि २१ प्रकारांच्या लसी प्रौढांसाठी म्हणून तयार झाल्या त्या याच कारणाने. दुसरे, नोंद नसणे आणि आजार नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५२ मधल्या ब्रुकलिनमध्येही नोंद नव्हतीच.

खरी अडचण व्यवस्थेची आहे. भारताचा लसीकरण कार्यक्रम माता आणि बालक यांच्याभोवती उभा आहे. आशा कार्यकर्तीकडे गरोदर बाईची आणि बाळाची यादी असते. गावातल्या मधुमेही आणि प्लीहा काढलेल्या माणसांची यादी कोणाकडे नसते. मात्र हे अशक्य नाही, हेही देशाने पाहिले आहे. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना आणि ४५ वर्षांवरील सहव्याधीग्रस्तांना कोविडची लस देण्यास सुरुवात झाली. वय आणि जोखीम हे निकष लावून इतक्या मोठ्या संख्येने प्रौढांना केंद्रांवर बोलावण्याची भारताची ती पहिलीच वेळ. ब्रिटनने २००३ ते २००५ या काळात आधी ८०, मग ७५ आणि शेवटी ६५ वर्षांवरील नागरिक अशा पायऱ्यांनी न्यूमोकॉकसची लस सार्वजनिक कार्यक्रमात आणली. भारताला पहिली पायरी वयाऐवजी जोखमीची ठेवता येईल : सिकलसेल, प्लीहा नसणे, एचआयव्ही, मूत्रपिंडाचे आजार. हे रुग्ण कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्याच्या नोंदीत आधीच आहेत. सोबत काही निवडक रुग्णालयांत प्रौढांमधल्या प्रकारांची सातत्याने पाहणी झाली, तर साठीपुढच्या सर्वांबाबतचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागणार नाही.

तोवर निर्णय व्यक्तिगत पातळीवरच राहतो. कोणती लस, किती मात्रा आणि कोणत्या अंतराने, हे वय, आजार आणि आधी घेतलेल्या लसी पाहून डॉक्टरच ठरवू शकतात. मधुमेहाच्या किंवा दम्याच्या तपासणीला गेलेल्या वृद्धाने 'मला ही लस हवी का?' एवढे विचारले तरी पुरे. हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

या लसीच्या शंभरहून अधिक वर्षांच्या वाटचालीत विज्ञान अनेकदा अडखळले आणि सावरले. लस मात्र प्रत्येक वेळी त्यांच्यापर्यंतच पोहोचली, ज्यांच्या मृत्यूची किंमत कोणीतरी मोजत होते : खाणमालक मजुरांची, लष्कर जवानांची, शासन बालमृत्यूंची. हिवाळ्यातल्या चार दिवसांच्या तापानंतर गेलेल्या सत्तरीच्या माणसाच्या मृत्यूची नोंद मात्र अजूनही 'वय झाले होते' एवढ्याच शब्दांत होते.